मयतासाठी पास

"आजी, जिंकलो!" असं आमची वरची भाडेकरू वकील जिन्यावरूनच ओरडली तेव्हा चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन सुनेच्या. मोठी चादर घडी करताना दोघींनी एकदम मागे रेलून ओढायची असते, म्हणजे कापडाला ताण बसतो आणि इस्त्रीचं काम निम्मं होतं. सून ओढायला लागली आणि मी ओढलंच नाही. ती बिचारी झोकांडून मागे टेबलावर आपटली, आणि चादर माझ्या हातातून सुटून फरशीवर पसरली. लाँड्रीचा बॉयलर चालू होता, वाफेचा फुसफुसाट चालू होता, पण मला मात्र वीज गेल्यावर होतं तसं झालं. इतका वेळ कानात काहीतरी घरघरत होतं हे ते थांबल्यावरच कळतं, तसं. वकील अनवाणी धावत आली होती, तोंडावरचा मास्क हनुवटीला लोंबत होता, एरवी मी तिला त्यावरून झापलं असतं. "जिल्ह्याची हद्द उघडली आजी! तुमच्यासाठी आणि तुमच्यासारख्या सगळ्यांसाठी. आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्याला आता अडवता यायचं नाही." माझ्या थोरल्या मुलानं मशीनच्या झाकणावर ढोल वाजवावा तशी थाप मारली. सून कंबर चोळत होती आणि रडतही होती. मी म्हटलं, "अगं चादर जमिनीला लागतेय, उचल आधी, का पुन्हा धुवायची हौस आलीय?" सगळे हसले. आमची म्हातारी अशीच, लोखंडाची, असं ते हसणं होतं. मी आनंद दाखवत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मला तो झाला नाही हे कुणाच्याही लक्षात आलं नाही.

माझी धाकटी बहीण हद्दीच्या पलीकडे असते. बारकी म्हणतो आम्ही तिला, अजूनही, केस पांढरे झाले तरी. टपाल कचेरीत नोकरी लागली म्हणून ती त्या गावी गेली, लग्न केलं नाही, तिथेच दोन खोल्या घेतल्या, निवृत्त झाली तरी परत आली नाही. तिचं हृदय सुजलंय असं डॉक्टर म्हणतात. पायांत पाणी साठतं, छातीत पाणी साठतं, उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपावं लागतं. कामाला येणारी बाई हद्दीच्या अलीकडची, साथ सुरू झाली आणि सरकारनं रस्ते बंद केले तशी तीही इकडेच अडकली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई आहे, ती ताट आणून दारात ठेवते आणि कडी वाजवून पळते. दाराशी जाऊन ते ताट उचलून आणायचं म्हणजे बारकीला मध्ये दोनदा खुर्चीवर टेकावं लागतं. हे तिनं मला हसत सांगितलं होतं. ती सगळंच हसत सांगते, तिची ती खोडच आहे. लहानपणी आमच्या बापाच्या हातचा मार खातानासुद्धा तिला हसू यायचं आणि त्यापायी मलाच जास्त बसायचा.

सरकारचा नियम असा होता की हद्द ओलांडायला पास लागतो, आणि पास मिळतो फक्त मयतासाठी. जवळचं माणूस गेलं तर त्याच्या शेवटच्या विधीला जाता येतं. जाण्याच्या वाटेवर असेल तर नाही. हा नियम कोणी लिहिला देव जाणे, पण बारकीला तो फार आवडला होता. फोनवर धापा टाकत मला म्हणाली, "ताई, आता मलाच काहीतरी करायला हवं म्हणजे तुला पास मिळेल. पण मग मी तुला ओळखणार नाही हं, आधीच सांगून ठेवते." मी म्हटलं, "गप, काहीही बोलतेस." ती म्हणाली, "मेलेल्याला भेटायला सोडतात, जित्याला नाही. जित्यानं काय घोडं मारलंय गं?" आणि हसता हसता तिला खोकला आला, तो थांबेना, मग फोन ठेवल्याचाच आवाज आला. आणि मला काय वाटलं? मला वाटलं, बरं आहे, रस्ता बंद आहे.

हे मी आत्ता सांगितलं खरं, पण त्या वेळी इतकं सरळ सरळ वाटलं नव्हतं. वाईट विचार तोंड दाखवून येत नाहीत. मी एवढंच पाहिलं की त्या रात्री मला छान झोप लागली. पुढच्या रात्रीही लागली. टीव्हीवर बंदी वाढवली असं सांगायचे तेव्हा घरात सगळे चुकचुकायचे, सून म्हणायची, आईंचा जीव किती तुटत असेल, आणि मी मान वळवून भिजत घातलेले कपडे पिळायला लागायचे. जीव तुटल्यासारखं दिसायला पाठमोरं असलं की पुरतं. लाँड्रीत आम्ही एका दवाखान्याच्या चादरी धुतो. साथीच्या आधीपासून धुतो, पण आता त्या जाड पिशव्यांत तोंड बांधून येतात, आणि थोरला हातमोजे घालून त्या थेट उकळत्या पाण्यात सोडतो, मला जवळ येऊ देत नाही. पण धुऊन वाळून घडीला येतात त्या माझ्याकडेच. चादर कितीही उकळली तरी तिच्यावर माणूस कसं पडून होतं ते जात नाही. टाचेशी कापड विरलेलं असतं. बाजूची किनार मुठीत धरून धरून पिळवटलेली असते. मी ती किनार बोटांनी सरळ करते, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे एकच मूठ येते. ती बारकीची असते, आणि बारकीची मूठ आणि माझी मूठ यांत काहीच फरक नाही. आम्ही एका ताग्यातून फाडलेल्या. तेच कपाळ, तेच नाक, तीच आखूड बोटं. ती माझ्यापेक्षा लहान आहे आणि ती आधी चाललीय. तिच्यासमोर बसणं म्हणजे आरशासमोर बसायचं आणि आपण कसे जाणार ते पाहायचं. आयुष्यभर मी कुणाला घाबरले नाही. बापाचं दुकान नवरा चालवायचा; तो गेल्यावर दीर ते हडपायला आले होते, त्यांना मी गरम इस्त्री हातात घेऊन जिना उतरवलंय. ती मी, आणि मला माझ्या बहिणीच्या तोंडाकडे पाहायची भीती वाटते.

मग केस कशी झाली? माझ्या तोंडामुळे झाली. आमच्या दुकानाची बापाच्या वेळेपासूनची रीत आहे: काउंटरवर बोललं ते मागे घ्यायचं नाही. आत घरात काय वाटेल ते बोला, भांडा, शब्द फिरवा. पण काउंटरवर गिऱ्हाईक ऐकत असतं, तिथे जे तोंडातून गेलं ते गेलं, मग त्यात आपलं नुकसान झालं तरी. बाप एकदा रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाला "फुकट धुऊन देतो जा" म्हणाला होता, त्यानं त्याच्या मुलीच्या लग्नाचे सगळे कपडे आणून टाकले, बापानं धुतले. तर त्या सकाळी मी काउंटरवर होते, समोरचा सलूनवाला त्याचे टॉवेल घेऊन आला होता, आणखी एक-दोघं लांब लांब उभे होते, आणि कुणीतरी विचारलं, बहीण कशी आहे? मला काय अवदसा आठवली कोण जाणे. म्हणजे मला ठाऊक आहे काय आठवली. बहिणीचं काही वाटत नसलेली बाई म्हणून मला लोकांसमोर दिसायचं नव्हतं. मी आवाज चढवला. "कशी असणार? मेलेल्याला भेटायला सोडतात, जित्याला नाही! जित्यानं काय घोडं मारलंय म्हणावं यांचं?" सलूनवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचा बाप पलीकडे होता. आणि वरची वकील जिन्याच्या पायरीवर ब्रश तोंडात धरून उभी होती. ही पोरगी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, कोर्टं बंद असल्यानं तिच्या हाताला काम नव्हतं आणि तोंडाला उसंत नव्हती. तिनं फेस थुंकला आणि म्हणाली, "आजी, हेच! नेमकं हेच! नियम मनमानी आहे, हे एका वाक्यात सांगितलंत तुम्ही. करू या का केस सरकारवर? तुमच्या नावानं?" मी काउंटरवर होते. तिघं-चौघं माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "कर. मी काय भिते काय सरकारला?" सरकारला मी खरंच भीत नव्हते.

रात्री जेवताना मी थोरल्याला म्हटलं, "कोर्टबिर्ट कशाला रे, ती पोर आपली उगाच." तो घास हातात तसाच ठेवून म्हणाला, "आई, काउंटरवर बोललीस ना." झालं. माझ्याच दुकानाची रीत माझ्याच मुलानं माझ्या ताटात वाढली.

अर्ज लिहून झाल्यावर वकिलीणबाईंनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, मला छापील वाचायला वेळ लागतो म्हणून. "अर्जदार ही आपल्या एकुलत्या एक भगिनीच्या भेटीसाठी अहोरात्र तळमळत असून..." मी म्हटलं, "ते तळमळत काढ." ती म्हणाली, "का हो?" मी म्हटलं, "तळमळत काय, मी काय तव्यावरची मासोळी आहे? मला बरं नाही दिसत ते." ती हसली, माझा हात दाबला. "आजी, तुम्हाला भावना दाखवायला लाज वाटते, मला कळतं. पण कोर्टाला लागतं ते." शपथेवर सही करायची होती. मी सही करते, अंगठा नाही. चौथीपर्यंत शिकलेय तेवढं. पण त्या दिवशी माझी सही वाकडी आली आणि पोरगी म्हणाली, हात थरथरतोय बघा आजींचा. तिनं तेही मनात कुठेतरी पुरावा म्हणून टाचून ठेवलं असणार.

सुनावणी फोनवर झाली, चित्र दिसतं तशी. लाँड्रीतच, इस्त्रीच्या टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला होता, मागे टांगलेले शर्ट, आणि घरचे सगळे चौकटीबाहेर श्वास धरून. न्यायाधीश बाई होत्या, थकलेल्या दिसत होत्या, मागे पुस्तकांचं कपाट आणि कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. सरकारी वकिलाचा आवाज मोठा गोड. तो म्हणाला, साथ आटोक्यात आणायची तर माणसांनी हलायचंच नाही, आणि आता फोन आहेत, चित्र दिसतं, प्रत्यक्ष भेटण्याची एवढी निकड काय? शिवाय अंत्यविधीची सवलत सरकारनं माणुसकीच्या नात्यानं ठेवलेलीच आहे. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटत होतं. मी मनात म्हणत होते, बरोबर बोलतोय माणूस, ऐका त्याचं. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "अर्जदार महिला वयस्कर व अल्पशिक्षित असून, त्यांना धोक्याची कल्पना नसावी." माझा आवाज बंद ठेवला आहे असं वकिलीणबाईंना वाटत होतं. मलाही वाटत होतं. "अरे अल्पशिक्षित तुझा बाप!" मी म्हटलं. "मेल्यावर भेटायला सोडणार आणि जिती असताना नाही. मेल्यावर ती मला ओळखणार आहे काय?" कुत्रं भुंकायचं थांबलं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्या हळूच म्हणाल्या, "सरकारी वकील, याचं उत्तर द्या." दुसऱ्या दिवशी ते वाक्य पेपरात मोठ्या अक्षरांत आलं होतं, ते मी वेळ न लागता वाचलं. मेल्यावर ती मला ओळखणार आहे काय. खाली लिहिलं होतं, आजीबाईंचा न्यायालयाला सवाल. आजीबाईंचा कसला? ते माझ्या बहिणीनं धापा टाकत मला म्हटलेलं होतं. ती मला विनवत होती, तिच्या पद्धतीनं, हसून. मी तिला गप म्हटलं होतं. आणि तिचं ते विनवणं मी धुऊन इस्त्री करून कोर्टात स्वतःच्या अंगावर घालून गेले, आणि सगळे म्हणाले, काय शोभतंय.

निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत माणसं येत राहिली. सलूनवाल्यानं शटर ओढलं आणि बापाकडे निघाला, जाताना लांबूनच वाकला. एक अनोळखी बाई आली, तिची मुलगी पलीकडे बाळंतपणात अडली होती. ती दाराबाहेर उभी राहून नुसती रडली आणि निघून गेली. मी प्रत्येकाला म्हणत होते, "बरं बरं, जा, गर्दी करू नका." बारकीचा फोन आला तेव्हा मी घरात गेले.

"जिंकलीस म्हणे," ती म्हणाली. मध्ये श्वास घ्यायला थांबली. "खालची टाळ्या वाजवत जिना चढून आली. मी म्हटलं, अगं हळू, जिना पडेल."

"हो."

"मग? केव्हा येतेस?"

"उद्या."

ती पण त्याच दुकानात वाढलीय. आमच्याकडे गिऱ्हाइकानं विचारलं की उद्या म्हणायचं असतं, कपडा झालेला असो नसो. उद्या म्हणजे आज नाही, बस. "गिऱ्हाइकाचा उद्या की घरातला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बोलते आहेस भारी, म्हणजे बरी दिसतेस." ती म्हणाली, "हो गं, ठणठणीत. पळायची शर्यत लावू आलीस की." फोन ठेवल्यावर मी खोलीत थोडा वेळ काही काम नसताना उभी राहिले. बाहेर थोरला लाँड्रीचा टेम्पो धूत होता, आतून फिनेल मारत होता, सुनेनं पिशवी भरायला घेतली होती. मला ताप आलाय का म्हणून मी स्वतःच कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

सकाळी निघालो. रस्ते असे रिकामे होते की शहर कुणीतरी घासून ठेवलंय आणि वापरायचं विसरलंय. थोरला आनंदात होता, बोलत होता, मावशीच्या हातचा मार आठवत होता. मला त्याचा हेवा वाटला. त्याला तिच्याकडे जायचं होतं. हद्दीवर आडवा बांबू, त्याच्यापाशी दोन पोलीस. मी मनात म्हणत होते, कागदात काहीतरी कमी निघू दे. शिक्का नसू दे. तारीख चुकू दे. पोलिसानं कागद वाचला, मग मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हीच ना पेपरातल्या?"

"मी पेपरातली नाही, लाँड्रीतली आहे."

तो हसला. त्यानं ते तापमापक कपाळासमोर धरलं. मी श्वास धरून ठेवला होता, जणू तेवढ्यानं अंगात ताप चढणार होता. "एकदम ओके," तो म्हणाला. मग हळूच, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाला, "माझी आई पलीकडेच आहे आजी. इथून दिसतं गाव. इतके दिवस मीच लोकांना परत पाठवत होतो. आज ड्युटी संपली की जातो." आणि त्यानं बांबू वर केला, आणि टेम्पो खालून जाताना सलाम ठोकला. मला वाटलं उतरावं आणि त्याला सांगावं, बाबा, चुकीच्या बाईला ठोकतोयस. पण सांगितलं असतं तर तो काय करणार होता? बांबू खाली थोडाच घेणार होता. माझ्या खोट्यानं त्याची आई त्याला भेटणार होती. खोट्यातून खरं निघतं तेव्हा ते खोटं कुठे ठेवायचं, कुणाला परत करायचं, हे मला कळत नव्हतं.

बारकीच्या इमारतीपाशी थोरला खालीच थांबला. रोज दवाखान्याच्या चादरी हाताळणारा तो, मावशीच्या जवळ जायला नको म्हणून त्यानं आधीच ठरवलं होतं. खालून हात करीन म्हणाला. मी जिना चढले. दार उघडंच होतं. आत औषधाचा, दमट कापडाचा वास. धुतलेलं पण वाळायला ऊन न मिळालेलं कापड असतं ना, तो वास मला सहन होत नाही, दुकानात मी असा कपडा पुन्हा धुवायला लावते. ती उशांना टेकून पलंगावर बसली होती, दाराकडे तोंड करून. मला वाटलं होतं आरसा असेल. तसं काही नव्हतं. तिथे कुणी दुसरीच होती, फुगलेली, करडी, ओठ निळसर. त्या तोंडात फक्त डोळे बारकीचे होते, आणि ते डोळे मला बघून हसत होते, आणि मला त्या क्षणी सगळ्यांत आधी सुटल्यासारखं वाटलं, की ही माझ्यासारखी दिसत नाही. असं वाटलं मला. बहिणीचं तोंड ओळखू येत नाही याचा मला आनंद झाला.

"बस," ती म्हणाली. "लांब बस. मी काही सरकार नाही, पण लांब बस."

मी खुर्ची घेतली. पिशवी मांडीवरच ठेवली. तिनं पिशवीकडे पाहिलं. "एवढीशी?"

"सुनेनं भरली."

"सुनेला ठाऊक नाही का, मी लवकर मरणाऱ्यांतली नाही ते."

"गप."

"हं. गप म्हणायला आलीस होय इतकी केस लढून." ती हसली, खोकला आला, मी उठून पाणी द्यायला हवं होतं. मी पाण्याच्या भांड्याकडे पाहत राहिले. तिनंच हात लांबवून घेतलं. पायांवर पांघरूण होतं, त्याच्याखाली ते सुजलेले पाय उशांसारखे दिसत होते. मी तिला दुकानाचं सांगितलं, सलूनवाल्याचं सांगितलं, वकील जिन्यावरून कशी अनवाणी धावली ते सांगितलं. तिला मजा वाटत होती. मधूनच ती म्हणाली, "छान बोललीस हो कोर्टात. खालचीनं वाचून दाखवलं." मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं. टोमणा असता तर मी परत टोमणा मारला असता, आम्हाला तेच येतं. कौतुक असतं तर मी पायाशी बसले असते. पण ती नुसती बोलली, आणि मग भिंतीवरच्या ओलीकडे बघत म्हणाली, "बरं झालं बाई कुणीतरी बोललं." माझ्या जिभेवर आलं होतं, बारके, ते तुझं होतं. आलं होतं आणि दातांशी येऊन परत गेलं. तिला धाप लागली होती, अशा माणसाला का त्रास द्यायचा, असं मी मला सांगितलं. मला कारणं फार पटकन सापडतात.

ऊन खिडकीतून पलंगाच्या पायाशी उतरलं होतं तेव्हा फोन वाजला. खालून थोरला. त्याचा आवाज फाटला होता. "आई, वकिलीणबाईंचा फोन होता. सरकार वरच्या कोर्टात गेलं. स्थगिती मिळाली त्यांना. निकाल थांबवला, कळतंय का? अंधार पडायच्या आत हद्द पुन्हा बंद करणार आहेत. पुढची तारीख कधी लागेल सांगता येत नाही. निघायचं तर आत्ता, या मिनिटाला. नाहीतर तू इथेच अडकशील आई, किती दिवस ते देवालाच ठाऊक." त्या लहान खोलीत फोनमधला आवाज भिंतींना आपटत होता. बारकीला सगळं ऐकू गेलं असणार.

मी काय करतेय ते मला कळायच्या आधी मी दाराशी होते. पिशवी खांद्याला होती. डावा पाय चपलेत गेलेला होता आणि उजव्या पायाचा अंगठा पट्टा शोधत होता. कोणी हुकूम दिला होता त्या पायांना? मी दिला नव्हता. मी अजून विचारही केला नव्हता. मी वळून पाहिलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती माझ्या पायांकडे पाहत होती. रागानं नाही, रडूनही नाही. धुऊन आलेला कपडा आपण उजेडात धरतो, डाग गेला की नाही बघायला, आणि नाही गेला तर काही न बोलता बाजूला ठेवतो, तशी ती पाहत होती.

"थोरल्याला सांगून येते," मी म्हटलं. "तू जा म्हणून."

हे मी म्हटलं तेव्हा ते खोटं होतं. तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला ते खरं करावं लागलं. मी गॅलरीत गेले, कठड्याला धरलं. थोरला टेम्पोचं दार उघडून उभा होता, वर बघत होता. खालची शिवणकामवाली दारात होती, आणखी कुणी कुणी खिडक्यांत होते. "तू जा," मी ओरडले. "मी राहते." त्याला ऐकू आलं नाही, का आलं आणि पटलं नाही. "आई, नीट विचार कर!" "केलाय. जा. बायकोला सांग, दवाखान्याच्या चादरी स्वतः घडी करत जा, दुसऱ्या कुणावर टाकू नकोस." त्यानं बाहीनं डोळे पुसले. शिवणकामवालीनं दोन्ही हात जोडले आणि कुठल्यातरी खिडकीतून एक टाळी वाजली, मग आणखी वाजल्या. मी आत वळले, कारण तिथे उभं राहणं मला जमेना. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या वळणावर त्याचा हॉर्न, आणि मग काही नाही.

मी चपला काढल्या. दार लावलं. पाण्याचं भांडं रिकामं होतं ते भरून तिच्या हाताशी ठेवलं, आणि खुर्ची ओढून पलंगाला टेकवली, एवढी जवळ की तिचा श्वास घशात अडकतो तो ऐकू यावा. तिनं डोळे मिटले होते. पांघरुणाची किनार तिच्या मुठीत होती. मी तिची बोटं एक एक करून सोडवली आणि त्यात माझा हात दिला. तिनं तो धरला नाही, झटकलाही नाही. आता सांगावं, मला वाटलं, आत्ता सांगितलं नाही तर राहील. मी घसा साफ केला.

"मघाशी फोन वाजला तेव्हा डोळा लागला होता माझा," डोळे मिटूनच ती म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं.